साखर डावीकडे

"हिला मीठ-साखर कळत नाही, आणि ही म्हणे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणार..." हे माझ्यासाठी नव्हतं हो, हे सासूबाई आत्याबाईंना सांगत होत्या, पण पडदा तो पडदाच, भिंत नव्हे, आणि पडद्यामागे मी, हातात बिस्किटांची बशी. तिथेच तोंड उघडायला हवं होतं. उघडलं का? नाही.

तुम्हाला सांगते, सोमवारी कॉलेजात हजर झाले नाही तर जागा गेली. मला जाऊ द्यायचं की 'आधी घर शिकू दे', हे ठरवायला आत्याबाई आलेल्या, आणि नेमकं त्यांच्याच चहात मीठ!

आता या घरात डबे दोन, एकाच मापाचे, मीठ बारीक, साखरही बारीक. चिठ्ठी लावू का विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आपल्याच घरात कसल्या गं चिठ्ठ्या? हाताला कळतं." त्यांच्या हाताला कळतं, माझ्या हाताला कोण सांगणार? ह्यांना विचारलं, तर पेपराआडून, "बघ ना तूच, एवढी शिकलीस." चाखायचं, म्हणाल तुम्ही. पण प्रयोगशाळेत वाढलेली जीभ अनोळखी पांढऱ्या पुडीला शिवत नाही हो, काय करू... मग काय, दोन चमच्यांत चिमूट चिमूट घेतली आणि धरली गॅसवर. साखरेच्या रेणूंची एकमेकांवरची पकड सैल, जरा आच लागली की वितळली, तांबूस झाली, काळी झाली. मीठ? थोडं तडतडलं आणि ढिम्म. तिथे एकाने इलेक्ट्रॉन देऊन टाकलेला, दुसऱ्याने घेतलेला, धन-ऋण अशी मिठी की साध्या आचेला दाद नाही. उत्तर मिळालं, पण चमचा काळाठिक्कर, धूर छताला, खिडक्या उघड, चमचा घास, आणि त्या धांदलीत डबे परत ठेवले उलट जागी.

माझा चहा चोख झाला. आत्याबाईंचा केला कुणी? सासूबाईंनी. त्यांच्या हाताला कळतं ना, हात गेला डावीकडे, आणि खापर डबे हलवणारीवर. हे सांगायला हवं होतं. सांगितलं का? नाही.

लग्नाआधी हे म्हणायचे, "सगळं वाटून घेऊ." साखरेच्या रेणूत अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात तसं, वाटलं मला. इथे पाहते तर सगळा मिठाचा कारभार, एकाने द्यायचं, दुसऱ्याने घ्यायचं. आणि आता हे आत्याबाईंसमोर मान खाली घालून बसलेले. ह्यांनी तरी बोलायचं. बोलले का? नाही.

शिकवणीच्या पोरांना मी दिवा लावून दाखवायचे, कोरड्या मिठातून वीज जात नाही, पाण्यात विरघळलं की जाते. मी आपली कोरडी, गप्प. बशी ठेवायला पडद्याबाहेर गेले, तर आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे गं सूनबाई, नोकरीचं पुढच्या वर्षी बघू." आणि डोळ्यांत पाणी आलं... लागला की हो दिवा.

"आई," मी म्हणाले, "सोमवारी मी कॉलेजला जातेय. आणि साखर आता उजवीकडे आहे."