लिंबाच्या बुंध्याशी चार बादल्या

...नाही, पण मला एक सांगा, पाणी घालायला काय अक्कल लागते? बादली भरायची, उचलायची, बुंध्याशी ओतायची, झालं. हे माझं वाक्य नाही बरं का, आमच्या हिचं आहे. हिच्या बहिणीचा पाय मोडलाय, महिनाभर तरी ही तिकडे राहणार, गाडी दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि ही मला घेऊन परसात. "लिंबाला दर तिसऱ्या दिवशी एक बादली. सकाळी, ऊन चढायच्या आत. पानांवर नाही, बुंध्याशी. एवढं जमेल ना? पाणी घालायला काय अक्कल लागते?" मी म्हटलं, नाही लागत. मला तरी कुठं माहीत होतं तेव्हा...

तुम्हाला सांगतो, ते लिंबू म्हणजे साधंसुधं लिंबू नव्हे. माझ्या सासूबाईंच्या परसातल्या झाडाची फांदी, तिला त्यांनी स्वतःच्या हातानं ओली माती बांधून मुळं फोडली आणि मग कापून दिली. पुढं सासूबाई गेल्या, घर विकलं, आणि घेणाऱ्यानं पहिलं काम काय केलं, तर मूळ झाड तोडून गाडी लावायला जागा केली. म्हणजे हिच्या माहेरचं जे काही या जगात उरलंय ना, ते आमच्या न्हाणीच्या भिंतीला लागून उभं आहे. ही रोज संध्याकाळी त्याच्याशी बोलते. माझ्याशीही बोलते, पण ते बहुतेक त्याच्याबद्दलच.

आणि असं झाड माझ्या हवाली! घरात माझी ख्याती काय, तर विसराळू. अहो, तीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं लावली मी, एक पत्र भलत्या गल्लीत गेलं नाही. पण एकदा, फक्त एकदा, सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो आणि येताना... एकटाच आलो. हसताय तुम्ही. हसा. बावीस वर्षं लोक हसताहेत. सासूबाई बिचाऱ्या एका शब्दानं बोलल्या नाहीत, फक्त ते रोप देताना म्हणाल्या, "जावईबापू, हे मी लेकीच्या हातात देते हं."

म्हणून या खेपेला मी ठरवलंच होतं, जीव गेला तरी विसरायचं नाही. कॅलेंडर घेतलं, लाल पेन घेतलं, दर तिसऱ्या दिवसावर गोल केला, पाणी घातलं की गोलात बरोबरची खूण. एक दिवस चुकला नाही. ऊन असं की फरशीवर पाय ठेवला की माणूस नाचायलाच लागायचा, तरी मी आपला सकाळी बादली घेऊन हजर. आणि रोज संध्याकाळी हिचा फोन. बरे आहात का, जेवलात का, काही नाही. "पाणी घातलंत का?" "घातलं." "नक्की?" "अगं, कॅलेंडरवर खूण आहे." "खूण केलीत, पण घातलंत का?" आता याला काय उत्तर आहे, तुम्हीच सांगा.

आणि दहाव्या दिवशी झाडानं मान टाकली.

पानं पिवळी. लोंबायला लागली, मग टपाटप गळायला लागली. मग सल्ले सुरू. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, चौऱ्याऐंशीचे, खुर्चीतून म्हणाले, "ऊन लागलंय त्याला. सावली कर." मी शिडीवर चढून हिरवी जाळी बांधली. भिंतीपलीकडे पीटीच्या बाई राहतात, निवृत्त झाल्या पण आवाज अजून मैदानावरच आहे, त्या ओरडल्या, "मुंग्या दिसताहेत! मुंग्या आल्या म्हणजे कीड आली! साबणाचं पाणी, प्रत्येक पान, मागून-पुढून!" दोन दिवस मी जुना दाढीचा ब्रश घेऊन पानांना साबण लावत होतो, स्वतःच्या दाढीला इतका वेळ कधी दिला नाही. लेक मोबाइलमध्ये बघून म्हणाली, "बाबा, अंड्याची टरफलं कुटून घाला." घातली. झाड आणखी पिवळं. आणि प्रत्येकजण शेवटी माझ्याकडे तसं बघायचा... आणि हळूच, "पाणी घालताय ना पण?"

शेवटी नर्सरीवाल्याला घेऊन आलो. तो उकिडवा बसला, बुंध्याशी बोट खुपसलं, बोट सरळ आत गेलं. माती वर काढली, हुंगली, माझ्या नाकाशी धरली. आंबूस, कुजका वास. म्हणाला, "काका, हे तहानलेलं नाही, बुडालंय. मुळं सडायला लागलीत. पाणी किती घालता?"

"तिसऱ्या दिवशी एक बादली. मी एकटाच."

त्यानं त्या चिखलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मग तुम्ही एकटे नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी न्हाणीच्या खिडकीत स्टुलावर बसलो. साडेपाच वाजता अण्णा! एरवी पेला उचलून द्या म्हणणारे अण्णा, दोन्ही हातांनी बादली धरून, एकेक पाऊल टाकत, अर्धी लेंग्यावर अर्धी झाडाला. साडेसहाला भिंतीवरून पाइप आला, मागून पीटीच्या बाईंचं डोकं, दहा मिनिटं धार. आठला लेक, भाजी धुतलेलं पाणी घेऊन, चोरासारखी इकडंतिकडं बघत. रोज! माझी चौथी, तीही बिचारी तिसऱ्या दिवशी, नियमानं.

मी एकेकाला धरलं. अण्णा म्हणाले, "सूनबाई जाताना सांगून गेली, तुम्ही जरा बघा, ह्यांच्या लक्षात राहणार नाही. आणि तुला सांगू नका म्हणाली, तुला वाईट वाटेल." पीटीच्या बाई, तेच. लेक तेच, "आई म्हणाली, बाबांना कळू देऊ नकोस." आणि झाड सुकायला लागलं तसं प्रत्येकाला वाटलं, बाकी कोणी घालत नाही, मग प्रत्येकानं आणखी एक तांब्या वाढवला. तिघांनी मला वाईट वाटू नये म्हणून तोंड बंद ठेवलं, आणि पाणी घालायला काय अक्कल लागते, म्हणून पाण्याचा विचार सोडून बाकी सगळे उपाय केले आम्ही! नर्सरीवाल्याला जाऊन हे सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, पाणी घालायला अक्कल लागत नाही. न घालायला लागते."

मग चर खणला. सडकी मुळं कापली, कोरडी माती भरली, आणि पंधरा दिवस पाण्याचा थेंब नाही. छत्री घेऊन खुर्ची टाकून मी झाडाशेजारी बसलो, पहाऱ्याला. अण्णांची बादली लपवली, पाइपाच्या दिशेला पाठ केली नाही. पानं सगळी गेली. नुसत्या काड्या. रोज सकाळी नखानं साल खरवडून बघायचो, आत हिरवं आहे का. सासूबाईंना दवाखान्यात ठेवून आलो होतो ना, तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. त्या निदान स्वतः चालत घरी आल्या.

आणि संध्याकाळी फोन. "पाणी घातलंत का?" "घातलं." लाल पेन, कोरडी बादली आणि मी धडधडीत खोटं बोलतोय. लेक म्हणाली, "बाबा, खरं सांगून टाका ना, तुमची काहीच चूक नाहीये." तेच तर! माझी नाही, मग कोणाची? तिघांना गुपचूप कोणी सांगून ठेवलं? आईचं झाड, आणि ते आपणच मारायला निघालो होतो, हे कोणी सांगायचं तिला? मी तिघांना बसवून सांगितलं, एक अक्षर बोलायचं नाही. पीटीच्या बाईसुद्धा हळू आवाजात "बरं" म्हणाल्या.

परवा ही आली. बॅग दारात टाकली, चपला न काढता सरळ परसात. मी मागे उभा. झाड म्हणजे काड्या, फक्त एका फांदीला, अगदी खाली, दोन पानं फुटलीत, मुगाएवढी. हिनं बुंध्यावर हात ठेवला. मग डोळे पुसले आणि वळली.

"एक झाड सांगितलं होतं. एक. काय केलंत तुम्ही याला?"

अण्णा आभाळाकडे बघायला लागले. लेकीनं तोंड उघडलं, मी डोळ्यांनीच दटावलं. एकदाच, आयुष्यात एकदाच मी विसरलो नव्हतो, आत भिंतीवर पुरावा टांगलेला, लाल गोलांसकट.

मी म्हटलं, "विसरलो गं. पाणी घालायचं विसरलो."

आणि तुम्हाला सांगतो, पस्तीस वर्षांच्या संसारात माझं कुठलंही म्हणणं तिला इतकं चटकन पटलं नव्हतं.