खिशातला चाकू काचेत

इथे जमलेल्या सगळ्यांना, मोठ्यांना आणि मांडीवर झोपलेल्या लहानांनाही, माझा नमस्कार. एवढ्या पावसात गाड्या काढून आलात. वसंतराव असते तर दारातच म्हणाले असते, "अहो, फोन करायचा, मीच आलो असतो."

आज फोन करून उपयोग नाही. म्हणून आपणच आलो.

मला सभेत बोलायची सवय नाही. घरात बोलायची आहे, ती किती आहे ते माझ्या जावयाला विचारा. मला लिहिता-वाचता येत नाही. काल मी सांगत गेले आणि माझी लता लिहीत गेली. कागद तिच्या हातात आहे. मी चुकले की ती टोकणार. तशी ती एरवीही टोकतेच.

वसंतराव माझ्या लताचे सासरे. माझे व्याही. मी मुलीकडची, म्हणजे रीतीनं मान त्यांचा. लग्नात त्यांचे पाय धुतले आम्ही. पुढे नातीला सांभाळायला म्हणून मी इकडे अमेरिकेत, वेस्ट विंडसरला आले, आणि व्याही-विहीण एका छपराखाली राहायला लागलो. इथे मान कसला? मानाचा व्याही दर सोमवारी कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचा, आणि मी खिडकीतून सांगायची, "झाकण लावा नीट!"

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी आली आणि थट्टा करत बसली. करू द्या. व्याह्याची थट्टा विहिणीनं नाही करायची तर कुणी करायची?

त्यांच्या फोटोशेजारी ती काचेची पेटी दिसते ना? आत मखमल आहे. मखमलीवर चाकू आहे. लाकडी मुठीचा, मिटणारा, एका पात्याचा. सुधीरनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, माझ्या जावयानं, ती पेटी मुद्दाम करून घेतली. सुंदर केली आहे. मला आज त्या पेटीबद्दलच बोलायचं आहे.

वसंतराव या देशात नवे आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात त्यांनी हार्डवेअरच्या दुकानातून तो चाकू घेतला. भारी नव्हे, साधा. मी आले तेव्हा मी तिकडे बघून नाक मुरडलं. मी विळीवाली. ट्रंकेतून विळी आणली होती मी, विमानतळावरच्या साहेबानं ती उघडून पाहिली आणि दोन पावलं मागे सरकला. माझ्या विळीपुढे हे बोटभर पातं म्हणजे काय?

पण मंडळी, मी बघत गेले. घरात सुऱ्या पुष्कळ. त्या स्वयंपाकघरात. कात्री शिवणाच्या डब्यात, म्हणजे असायला हवी तिथे. प्रत्यक्षात कुठे असते ते देवाला ठाऊक. आणि चाकू? चाकू माणसाजवळ. व्हीसीआरचं खोकं आलं, काढला चाकू. टोमॅटोचे वेल काठीला बांधायचे, दोरी कापायला काढला चाकू. नातीची पेन्सिल, कोथिंबिरीच्या जुडीचा रबर, सफरचंद. काम झालं की पँटवर पुसला, मिटला, खिशात. मिटलेला असला की गरीब. कुणाला टोचत नाही, जागा अडवत नाही, मी आहे मी आहे म्हणून ओरडत नाही. अशी माणसंसुद्धा थोडी असतात.

लिंबं कापून कापून त्याचं पातं काळं पडलं. मी म्हटलं, "व्याही, गंजला तुमचा चाकू."

म्हणाले, "गंज नाही, विहीणबाई. वापर आहे."

दर रविवारी बेसमेंटमध्ये दगडावर तेलाचा थेंब टाकून धार लावायचे. मग येऊन माझ्यासमोर कागदाची पट्टी कापून दाखवायचे. मी म्हणायची, "छान. आता कांदे कापा." आणि कापायचे बरं का!

एका वाढदिवसाला सुधीरनं त्यांना नवा चाकू दिला. लाल. त्यात कात्री, त्यात करवत, त्यात बाटली उघडायचं, त्यात दात कोरायची काडीसुद्धा. वसंतरावांनी एकेक उघडून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा चाकू नाही, हा तर अख्खा संसार!" सगळे हसले. सुधीरही हसला. पण तो लाल चाकू ड्रॉवरमध्येच राहिला, आणि सुधीर ते विसरला नाही. बापलेकांत बोलणं तसंही बेताचंच. सुधीरची सकाळी आठ वीस की नऊची ट्रेन, वसंतरावांची लॅब.

नलूताई, तुम्हाला मंडळाची पिकनिक आठवते? तलावाकाठची? प्रत्येकीनं चिवडा आणला होता. नऊ घरं, नऊ चिवडे. आणि हे एवढालं कलिंगड. सुरी कुणीच आणली नव्हती, कारण प्रत्येकीला वाटलं दुसरी आणेल. कुणी तरी म्हणालं, आपटून फोडू. तेवढ्यात वसंतरावांचा हात खिशात. आम्ही हसलो, कारण पातं केवढं आणि कलिंगड केवढं! पण त्यांनी चाकू धरून ठेवला आणि कलिंगड फिरवलं. सावकाश, गोल गोल. टर्रकन दोन फाका झाल्या.

मला म्हणाले, "तुमच्याकडून शिकलो. विळी हलत नाही, भाजी हलते."

माझे गुडघे गेले आणि विळीवर बसणं संपलं, तेव्हा याच चाकूनं मी उभ्यानं चिरायला शिकले. वसंतराव चाकू हातात द्यायचे नाहीत. काउंटरवर ठेवायचे, मी उचलायची. हातातून हातात चाकू दिला की भांडण होतं, हे माझं म्हणणं. ते रिसर्च करणारे गृहस्थ. "मी असलं काही मानत नाही," म्हणायचे, आणि खाली ठेवायचे. आणि भांडण? ते आमचं रोज व्हायचं.

शेवटी हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा नर्स म्हणाली, खिसे रिकामे करा. त्यांनी चाकू काढला आणि सरळ माझ्या तळहातावर ठेवला.

मी म्हटलं, "अहो, खाली ठेवा!"

म्हणाले, "नाही ठेवणार. भांडण चालू राहू दे, विहीणबाई."

मला... थांबा जरा. लता, पाणी दे.

हं. मग म्हणाले, "हा सुधीरला द्या. वापरायला द्या."

मी दिला. निरोपही सांगितला. सुधीर म्हणाला, "आई, बाबांचं माझ्याकडे एवढंच आहे. वापरला आणि हरवला तर?" आणि पेटी करून आणली. आमची नात अंजू म्हणाली, "डॅड, इट्स अ नाइफ. यूज इट." पोरगी मराठी बोलत नाही, पण बोलते ते आजीचंच.

सुधीर, बाळा, तुझं भय मला कळतं. पण ऐक. त्या लाल चाकूचा राग धरू नकोस. बापाला तुझी भेट नकोशी नव्हती रे. हाताला एका गोष्टीची सवय झाली की दुसरी कितीही गुणाची असो, हात तिकडे जात नाही. हा चाकू त्यांना का आवडायचा? भारी होता म्हणून? देखणा होता म्हणून? रोज कामाला आला म्हणून. काचेत ठेवलास तर तो तुझ्या वडिलांची वस्तू राहील. खिशात ठेवलास तर तुझी होईल, आणि वडील कुठे जाणार आहेत? धार लावताना त्यांचाच हात तुझ्या हातात येईल. आणि समजा हरवला. हरवू दे. कुणाला तरी सापडेल, त्याचं एखादं खोकं उघडेल.

मंडळी, माणूस गेलं की आपण त्याच्या वस्तू झाकून ठेवतो. मी म्हणते, चालू ठेवा. चालत्या वस्तूला रडायला वेळ नसतो.

आता आपण सगळ्यांनी थोडा वेळ शांत उभं राहायचं आहे. उठा सावकाश. गुडघेवाल्यांनी बसलं तरी वसंतरावांना चालेल.

सुधीर, तू गप्प उभा राहू नकोस. इकडे ये. पेटी उघड. फोटोपुढे फळांची टोपली आहे, त्यातलं एक घे आणि काप. आम्ही कुणी बोलणार नाही, तुझा तेवढा आवाज येऊ दे. फोडी जाडजूड झाल्या तरी आम्ही खाऊ.

वसंतराव, या विहिणीचा तुम्हाला नमस्कार.

हं, सुधीर. कर सुरू. अंगठा तेवढा सांभाळ.