तो राबाचा धूर नव्हता

जमलेल्या वडीलधाऱ्यांना, आयाबायांना माझा जय भीम आणि नमस्कार. मुरबाडवरून जीप करून आलेले अशोकदादाचे पाहुणे आहेत. भातसानगरच्या कॉलनीतले त्याच्या ऑफिसचे लोक आहेत. सापगावची मंडळी आहेत. दादाच्या शोकसभेला सगळे आलात. मला बोलायला उभं केलंय खरं, पण मी अंगणवाडीवाली बाई. मला पोरांपुढे गाणी म्हणायची सवय, माइकची नाय. त्यात रडू यायच्या आधी मला राग येतो. तेव्हा काही कमीजास्त बोलले तर शालिनीवहिनी, तुमी मला माफ करा. बाकीच्यांनी नाय केलं तरी चालेल.

अशोकदादा धरणाच्या ऑफिसात कारकून. पण रविवार आला की तो कोणाचा नसायचा, वहिनींचाही नाय. आपल्या वस्तीला चिकटून ते एवढंसं अभयारण्य. एका अंगाला कॉलनी, एका अंगाला रस्ता, मागे आता प्लॉट पडलेत. त्याला रान म्हणायची आपल्यालाच लाज वाटायची. दादाला नाय वाटायची. तो गेटवर उभा राहायचा. एकटं पोर आलं तर माघारी पाठवायचा. "आईबाप कुठायत? पोर रान बघणार नि तुमी टीव्ही बघणार? आणा सगळ्यांना." मग आया डबे घेऊन यायच्या, बाप कुरकुरत यायचे, म्हाताऱ्या काठी टेकत यायच्या.

आत शिरायच्या आधी दादा रेडिओवाल्याच्या आवाजात बातम्या द्यायचा. आठवतं ना? "ठळक बातम्या. भेकराला पाडस झालं, आई सुखरूप आहे. वानरांच्या टोळीने कॉलनीतल्या साहेबांचे पापड पळवले, पोलीस हात चोळत बसलेत." पोट धरून हसायचे लोक. मग पोरं पानं गोळा करायची, बाप मंडळी मातीतल्या ठशांवर पैजा लावायची. माझा नवरा कुत्र्याच्या पावलाला बिबट्या म्हणून अडून बसलेला. अजून कबूल करत नाय.

होळी झाली आणि यंदा बातम्या बदलल्या. "वरचा झरा आटला. मोर उताराला येईनासे झाले. कडेला पाला गुडघाभर साचलाय." आमी हसायची वाट बघत होतो. तो हसला नाय. मला म्हणाला, "पाला का साचला, माहीत आहे ना मंदे? तुमी न्यायचं सोडलंत." खरं होतं. पूर्वी आपण रानाच्या कडेचा पाला भारेच्या भारे उचलायचो. वाफ्यात पसरून राब भाजायचा, त्यावर भाताचं रोप करायचं. आता पोरं कामाला कल्याण-भिवंडीला. राब करतो कोण? दादा म्हणाला, "आता फक्त काडी पडायचा अवकाश."

पुढच्या महिन्यात पडली ती काडी. रविवारच होता. आमी सगळी घरं झाडाखाली जेवायला बसलो होतो. मागच्या टेकाडावर धूर चढला. कोणीतरी म्हणालं, राब भाजत असतील. पुन्हा भाकरी मोडायला लागलं. दादा उभा राहिला. वारा चांगलाच सुटला होता. तो एवढंच बोलला, "वाऱ्यात राब कोण पेटवतं?"

मग आरडाओरडा नाय, काही नाय. डबे बंद करा, पोरांचे हात धरा, रस्त्याकडे चला. बापांच्या खांद्यावर पोरं, हाताला म्हाताऱ्या. सगळ्यांना त्याने बाहेर काढलं. एकालाही चटका बसला नाय. मला म्हणाला, "तू पळायला जलद आहेस. गावात जा, माणसं आण. मी तोवर पायवाटेवर फांदीने झोडपून आग अडवतो."

मी धावले. पारावर पत्त्यांचा डाव रंगात होता. मी ओरडले, वणवा लागलाय, चला! काय उत्तर मिळालं? "राब असंल गो. दरसालचा हाय. बस, पाणी पी." मी म्हटलं, राब नाय. "आमचा जन्म गेला राब भाजण्यात. आता तू आमाला धूर शिकवतंस?"

मी डावात बसलेल्या तात्यांना विचारलं, कोणाचा राब? नाव सांगा.

तात्या, तुमी समोर बसलात. तुमी माझ्या बापासारखे. पण आज बोलू द्या. तुमी बोटं मोजायला लागलात. ह्याचा? नाय, त्याने जमीन विकली. त्याचा? नाय, तो वाशिंदला कंपनीत जातो. त्या पलीकडच्याचा? त्याची म्हातारी गेली तसं शेत पडीकच. मोजता मोजता बोटं थांबली आणि तुमचं तोंड उतरलं. ते मी बघितलं. मग पत्ते तिथेच टाकून सगळे अनवाणी धावलात. ते पण मी बघितलं. खोटं बोलणार नाय.

पण तोवर वारा फिरला होता. दादा पायवाटेवरच सापडला. हातात फांदी होती. तोंड गावाकडे होतं, माणसं जिकडून यायची तिकडे. पुढचं मी सांगत नाय. वहिनी इथे बसल्यात.

आग लावली कोणी? कोणी म्हणतं प्लॉटवरचं गवत जाळलं, कोणी म्हणतं बिडी. चौकशी होईल तेव्हा होईल. मला भीती दुसरीच आहे. राब गेला, पण आपल्या डोक्यातून गेला नाय. धूर दिसला की आपल्याला अजून बरं वाटतं. वाटतं, कोणीतरी शेताची तयारी करतंय. कोण करतंय, सांगा ना? अर्धं रान अजून उभं आहे. पाला तसाच पडलाय.

आज सकाळी मी इथे सतरंज्या घालत होते. खिडकीतून बघते तर टेकाडामागे धुराची रेघ. मी विचारलं, तो कशाचा? दादाच्या फोटोला हार घालता घालता एक जण म्हणाला, "राब असंल." नाव घेत नाय मी. नवऱ्याला सायकलवरून बघायला पाठवलं. तो अजून आलेला नाय.

आता आपण उठू. दादासाठी गप्प उभे राहू. रिवाज आहे, मान खाली, डोळे बंद. आज तसं करू नका. वहिनी, तुमची परवानगी असेल तर कोणीतरी त्या खिडक्या सताड उघडा. सगळ्यांनी टेकाडाकडे तोंड करा. डोळे उघडे ठेवा. आणि धूर दिसला, तर मी बसा म्हणायची वाट बघू नका. निघा.