त्या मागाला डोळा व्हता

मंडळी, बसा. दाराशी उभे हायत त्यांनी बी टेका. भवानी पेठेतली तुमी माणसं हातातलं काम टाकून आलात, बरं केलंत. मला बोलाय येत न्हाय असं न्हाय. भांडाय उभी राहिले की गल्ली ऐकते. पण नातवाच्या फोटोला हार घालून त्याच्यापुढं बोलायचं, हे ह्या तोंडाला ठाऊक न्हाय. मी रडाय उठले न्हाय.

मगाशी एकजण बोलून गेले, चांगली माणसं देवाला लागतात म्हणून नागनाथला नेला. देवाला कापडाच्या मागाचे डबे दुरुस्त कराय माणूस कशाला लागतोय हो? नागूला देवानं नेला न्हाय. नागूच्या कानशिलात धोटा बसला. मागाच्या ह्या टोकापासनं त्या टोकापतूर सूत घेऊन पळतो तो धोटा, लाकडाचा, लोखंडी टोकाचा. सुटला अन् बसला. दवाखान्यात न्हेईपतूर आटपलं व्हतं.

अन् आता भाइर चपला काढता काढता काय चाललंय ते मी ऐकलंय. मागाचा डोळा नागूनंच बंद केला व्हता म्हणं. आपल्या हातानं मेला म्हणं.

तर ऐका.

हा फोटोतला पोरगा अन् हा समोर बसलाय तो इम्तियाज, दोघांनी मिळून जुन्या मागांना डबे बसवायचं काम काढलं. धोटा वाकडा गेला की मागाला बसवलेल्या डोळ्याला दिसतं, डबा माग जागच्या जागी थांबवतो. डब्यात एक फाईल असती. माग कसा हाय, ते त्या फाईलीत लिवायचं. ती वाचून डब्यातला ड्रायव्हर, म्हंजे माणूस न्हाय, प्रोग्राम, तो माग चालवतो. त्या फाईलीत काय लिवायचं अन् काय न्हाय, ह्यावरनं दोघांचं रोज वाजायचं. माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन.

इम्तियाज म्हणायचा, "सगळंच तिच्यात घाल की रे. एकदा लिवलं की मिटलं."

नागू म्हणायचा, "माग कसा हाय तेवढंच फाईलीत. माग कसा चालवायचा ते भाइर बटणावर, कामगाराच्या नजरंपुढं."

मी म्हणलं, "मला कळंल असं बोला, न्हाईतर कप ठेवा अन् चालाय लागा."

तवा नागू म्हणला, "आज्जी, माझी वळख कुणाला लिवून द्यायची झाली तर काय लिवशील?"

"नाक चपटं. डाव्या कानानं कमी ऐकतोय. अक्कल बेताची."

"अन् भाकरी किती खातोय ते?"

"ते तुझ्या भुकंवर हाय की. रोज येगळं. ते कशाला लिवू?"

"हां. अन् उद्या भाकरी कमी पडाय लागली म्हणून तू लिवलंस, ह्याला तोंडच न्हाय, तर?"

"तर मी खोटारडी."

तो हसला. इम्तियाज बी हसला. हसलास का न्हाय रे?

म्हंजे एवढीच गोष्ट हाय. जे हाय ते लिवायचं. आपल्याला जे पायजे ते तितं लिवायचं न्हाय.

आता अण्णांच्या कारखान्यात काय झालं ते सांगते. अण्णा, मान वर करा. टॉवेलची ऑर्डर व्हती, घाई व्हती. कापसाचा भुगा डोळ्यावर बसायचा अन् माग उगंच थांबायचा. पुसला की चालायचा. तेवढं पुसायला बी तुमाला येळ न्हवता. डोळा बंद करायचं बटण नागूनं भाइर दिलं व्हतं. पण ते दाबलं की वर लाल दिवा लागायचा अन् माग हळू चालायचा. मुद्दाम तसं केलं व्हतं त्यानं, की जवळ येणाऱ्याला कळावं, हा माग आता आंधळा हाय. अण्णांना दिवा बी नगं अन् हळू बी नगं.

नागू तवा मैंदर्गीला कामाला गेला व्हता. अण्णा इम्तियाजच्या मागं लागले. अन् ह्यानं फाईल उघडली अन् त्या मागाच्या वळखीत लिवलं, ह्याला डोळाच न्हाय.

बटण दाबलं न्हाय, म्हणून दिवा न्हाय. जो डोळाच न्हाय, तो बंद हाय असं डबा तरी कसा सांगंल?

नागू परत आला. कामगार म्हणला, धोटा वाकडा पळतोय. नागूनं आधी दिवा बघितला. आपल्याच हातानं बसवलेला दिवा. लाल न्हवता. म्हंजे डोळा जागा हाय, असं धरून तो मागाच्या कडंला वाकला.

झालं.

मंडळी, हे मला कुणी सांगितलं? ह्यानंच. इम्तियाज माझ्या उंबऱ्यावर येऊन बसला अन् सगळं बोलला. मी त्याला पाणी दिलं. माफी दिली न्हाय. ती माझ्याजवळ हाय का न्हाय, मी अजून बघितलं न्हाय. पण तो आला. अण्णा, तुमी हार घेऊन आला. हार मोठा हाय.

आता मला एकच इचारायचंय. इम्तियाज, उठ. त्या एकाच मागात लिवलंस, का आणिक कुटं?

मोठ्यानं. मागं ऐकू जात न्हाय.

अण्णांच्या सगळ्याच मागांत, म्हणतोय. एकच फाईल सगळीकडं चढवली. ऐकलंत?

अन् आता ते माग चालू हायत का बंद? माझ्याकडं बघू नगं, लोकांकडं बघून सांग.

चालू हायत.

ऐकलंत, मंडळी? आपण हितं उदबत्ती लावून बसलोय, अन् तितं त्याच मागांपुढं माणसं उभी हायत. कुणाचा बाप, कुणाचा नवरा. तुमच्यातल्याच कुणाकुणाचा. ती बी दिवा बघतायत. लाल न्हाय म्हणून वाकतायत.

नागूचं नाव खराब झालं त्याचं मी बघीन. मेलेल्याला घाई नसती. जित्यांना असती.

शेवटाला दोन मिनिटं उभं राहून गप राहायची रीत हाय, मला ठाऊक हाय. पण मी हितं कुणाला गप उभं करणार न्हाय. उठा, चपला घाला, अण्णांच्या कारखान्यात चला. मेन स्विच पाडा. एकेक माग थांबंल. शेवटचा थांबला की मग तितंच उभं राहा, अन् नागूला काय म्हणायचं ते मनात म्हणा. फाईल खरी लिवून झाल्याबिगर स्विच कुणी वर करायचा न्हाय. इम्तियाज लिवंल. मी शेजारी बसणार हाय.

चला. अण्णा, तुमी पुढं व्हा. किल्ली तुमच्याकडं हाय.