दोन्हींत उजवा कुठला?

नाही, पण मी म्हणतो, माणसाला गुडघा विचारायची ही काय पद्धत झाली? ऐका तर... आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या नावानं बोंब, आणि जिन्यावर पाय टाकला की माझा गुडघा जीव काढतो. हिला म्हटलं, तळमजल्यावर घर बघू. तर म्हणे, "नाटकं नुसती. एमआरआयमध्ये दिसू दे, उद्या सामान बांधते."

आता तुम्हाला सांगतो, मेडिकल कॉलेजात कुणाचं तरी संशोधन चाललेलं. दुखऱ्या गुडघ्यावर वजन टाकायचं, एमआरआय काढायचा आणि आतली गादी किती दबते ते मोजायचं. तेही फुकटात! मी पहिल्या नंबरला हजर. मशीनवाल्या बाई फॉर्म भरता भरता विचारतात, "काका, दोन्हींत उजवा कुठला?" मी मनात म्हटलं, एवढ्या शिकल्या आणि डावं-उजवं कळेना? ऐटीत उजव्यावर थाप मारली, "हा काय!"

झालं! बाई विचारत होत्या, दोन्हींतला त्यातल्या त्यात धडका कुठला. मग धडका विचारा ना! बरा विचारा! माझा दुखतो तोच उजवा, त्याला मी काय करू? त्यांनी दुखरा म्हणून डावा धरला, पट्ट्यांत आवळला, वजन लावलं आणि मला ढकललं आत. मी म्हणतोय, अहो बाई, तो नव्हे... तर स्पीकरमधून, "काका, हलायचं नाही." आत नुसती ठोकाठोक! उजवा पाय जरा उचलून दाखवायला गेलो, "काका, हलायचं नाही." नाक खाजवायला गेलो... तेच! चाळीस मिनिटं! बाहेर आलो तेव्हा बाई जेवायला गेलेल्या.

रिपोर्ट आला : गादी उत्तम, तिशीतल्या माणसासारखी. हिनं तो शेजारणींना वाचून दाखवला हो! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तणतणत कॉलेजात गेलो, भांडलो, बाई बिचाऱ्या ओशाळल्या, म्हणाल्या उजवा काढून देते. पुन्हा चाळीस मिनिटं, पुन्हा हलायचं नाही! पण काय ती गादी... जागोजागी झिजलेली, बाईसुद्धा हळहळल्या. आणि मी? इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

आणून ठेवला हिच्यापुढे. हिनं चष्मा लावला, दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी मांडले, सावकाश वाचले, मला वाटलं आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार...

"म्हणजे एक धडका आहे ना?" ही म्हणाली. "मग त्याच्यावर चढा. इथून हलायचं नाही."

न हलण्याचं शिक्षण माझं दोनदा झालंच होतं.