टेकायला परवडत नाही

…आणि विमानाला उशीर झाला तो म्हणे माझ्यामुळे! आता तुम्हीच सांगा, मी केलं काय? बसले. ज्या खुर्चीचं तिकीट काढलं त्या खुर्चीत बसले, एवढंच ना?

तुम्हाला सांगते, लेकीला सकाळी कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण ती, घरात सासू नाही, नणंद नाही, फोनवर एकच धोशा, 'आई, तू ये गं, तू असलीस की होईल नीट.' जावईबापूंनी झटपट तिकीट काढलं, स्वस्तातलं, आणि वर मलाच शिकवतायत, 'आई, ही विमानं स्वस्त का, माहितीये? जमिनीवर थांबतच नाहीत. आधीचे उतरले की पुढचे आत, की उडालं. उभं विमान म्हणजे नुसता तोटा. टेकायला परवडत नाही त्यांना.' बरं, म्हटलं. मी आपली बसची माणूस. बस स्टँडात लागली की ड्रायव्हर खाली उतरतो, आळस देतो, चहाला जातो, आपण सावकाश पिशव्या गोळा करतो. विमानाचा ड्रायव्हर चहा पीत नसेल असं मला कसं कळावं?

तर मी देवाला बोलले, लेकीची सुटका नीट होऊ दे, उतरायच्या आत एक माळ ओढते. आणि माळ घेतली की माझा नेम असा, पुरी होईतो बोलायचं नाही, उठायचं नाही. बोललं की पहिल्या मण्यापासून. घेतली माळ. अर्ध्यावर आले तर हवाई मुलगी ढकलगाडी घेऊन हजर. 'मॅडम, पाणी?' मी मान हलवली. 'कॉफी?' हलवली. 'अत्तर? आज ऑफर आहे.' आता किती मान हलवायची माणसानं… 'नको गं बाळा,' म्हणून गेले. झालं, पहिल्या मण्यापासून. पुन्हा अर्ध्यावर, तर सोडतीची कुपनं! पुन्हा तोंडून 'नको गं' गेलंच. म्हणजे दोन माळा ह्या विमानवाल्यांनीच मोडल्या, आणि तिसरी धरली तेव्हा चाकं जमिनीला लागत होती. मग उशीर कुणाचा?

आणि ती घाई, अहो, विमान थांबायच्या आत लोक उभे, पुढूनही उतरतायत, मागूनही उतरतायत, नि खिडकीतून बघते तर पुढची गिऱ्हाईकं जिन्याच्या पायथ्याशी बॅगा घेऊन तयार, पंगतीत मागं उभे राहतात ना, तशी. खुर्चीला पुढं खिसासुद्धा नाही. खिसा म्हटलं की कचरा आला, कचरा म्हटला की वेचणं आलं, आणि वेचायला कोण? तीच मुलगी. मघाशी अत्तर विकत होती, आता हातात मोजे नि कचऱ्याची पिशवी. 'मावशी, उतरायचंय ना?' मी माळ दाखवली. ती बिचारी थांबली, पण काम थांबतंय का… मी पाय वर घेतले, तिनं खालचं झाडून घेतलं. घरी आमच्या ह्यांना मी असेच पाय वर घ्यायला लावते, आज माझी पाळी. कारण काय, तर टेकायला परवडत नाही.

तोवर नवे लोक आत. एक गृहस्थ माझ्यापुढं उभे, 'ही माझी जागा आहे.' मी गप्प. 'ऐकू येत नाही वाटतं ह्यांना.' मागून कुणीतरी, 'अहो, डॉक्टरला बोलवा, बाईंची वाचा गेलीय.' हवाई मुलगी डोकी मोजतेय, एक जास्त. पुन्हा मोजतेय, एक जास्तच. पायलट डोकावला, 'काय चाललंय?' मग ती माझ्या कानाशी वाकली, हळूच म्हणाली, 'मावशी, उशीर माझ्या नावावर लागतो हो. ह्या महिन्यातला दुसरा.' डोळे भरलेले. आणि तुम्हाला सांगते, मणी थोडेच राहिले होते, पण ही पण कुणाची तरी लेकच की. मनातच म्हटलं, देवा, न उठण्याचा नेम मोडते, राग माझ्यावर काढ, माझ्या पोरीवर नको. उठले. उरलेले मणी जिना उतरताना ओढले. खाली पोचून वळते तर दार बंद, विमान निघालंसुद्धा. मागं वळून बघायलाही परवडत नाही.

धावत दवाखान्यात गेले. नात झाली होती, मी यायच्या आधीच. तिलाही थांबायला परवडलं नाही. लेक सुखरूप, देवानं उभ्यानं ओढलेले मणी चालवून घेतले. 'आई, आलीस? बस ना इथं,' लेक म्हणाली. मी खुर्ची ओढून टेकते न टेकते तोच नर्स आत आली, हातात मोजे, हातात पिशवी… 'आजी, जरा बाहेर व्हा, खोली पुसून घ्यायचीय. पुढची बाई दारात उभी आहे.'

मी सवयीनं पाय तेवढे वर घेतले.