लांबलेली तोडणी

सतीश: एवढ्यात पिऊ नका, दाजी. आधी ग्लास हळू गोल फिरवा. दांडीला धरून. हां. आता नाक घाला आत.

श्रीनाथ: नाक घालून काय करू, सतीश? माका सर्दी झाल्या.

सतीश: वास घ्या आणि काय आठवतंय ते सांगा. बरोबर-चूक काही नसतंय ह्यात.

श्रीनाथ: आमच्या काजूच्या भट्टीचो वास तर नाय. रातांब्याची सालां उन्हात सुकत घातल्यावर येता, तसो कायतरी येता.

सतीश: जमतंय की. काल मोरजीच्या हॉटेलात हेच शिकवत होतो. त्यांचा तो गोरा शेफ एक घोट घेऊन डोळे मिटूनच बसला. म्हणाला, इकडची अशी बोल्ड रेड वाईन पहिल्यांदाच पितोय. डिसेंबरात माल पाठवा म्हणाला.

श्रीनाथ: आणि ही कडू लागता ती?

सतीश: कडू नव्हं, तुरट. द्राक्षाच्या सालीतनं येतं ते. जिभेला धरून ठेवतंय का नाही? ते धरतंय म्हणून तर वाईनला दम आहे म्हणायचं.

वैशाली: सतीश, जेवायला वाढू का? सुंगटांची आमटी निवतेय.

सतीश: थांब आक्का, दाजींचं चाखून होऊ दे. कसं वाटलं, दाजी? खरं सांगा.

श्रीनाथ: माका काय विचारतंस? मी मार्चात काजूचो हुर्राक पिणारो माणूस. तिका दी. बागायतदाराचा चेडू ता.

सतीश: आक्काला?

श्रीनाथ: मगे? घरची बाग तिची, आणि चव मी सांगू?

सतीश: दोनच ग्लास आणलेत मी.

वैशाली: ठाऊक आहे मला. गाडीतून काढताना बघितले.

सतीश: तसं काही मनात नव्हतं गं. आपल्याकडं बायका नाहीत घेत, म्हणून. आई आठवते ना? वाईनच्या द्राक्षांची नुसती पाटी विसळली तरी हात साबणानं धुवायची.

वैशाली: आणि मला इकडे दिलं तेव्हा सगळं तासगाव आबांना म्हणालं, पोर दारूच्या मुलखात दिली.

श्रीनाथ: घे गो. माझ्याच ग्लासातला घे. हय कोण काय म्हणूचा नाय.

वैशाली: आधी बाटली बघू दे. ही कोण? डोईवर पदर, कमरेवर पाटी.

सतीश: आईच की. लग्नातल्या फोटोवरनं चित्र काढून घेतलं. वाईनचं नावच 'रत्ना' ठेवलंय. गिऱ्हाईकाला घरगुती वाटतं.

वैशाली: उभ्या जन्मात थेंब चाखला नाही तिनं. आणि खाली हे काय? परशुराम ॲण्ड सन्स.

सतीश: कंपनीचं नाव.

वैशाली: आबांना मुलगा एकच. बाकीचे सन्स कुठले?

सतीश: तशी पद्धत असती, आक्का. भारदस्त वाटतं. आता चेष्टा नको, चाख आणि सांग.

वैशाली: चांगली आहे.

सतीश: एवढंच?

वैशाली: खूप चांगली आहे, सतीश. आधी जांभूळ येतं, मग काळी मिरी. आणि गिळल्यावर कितीतरी वेळ मनुका राहते तोंडात. घड वेलीवरच सुरकुतायला लागले होते, तेव्हा तोडलेत.

सतीश: तीच तर गोष्ट सांगतो मी सगळ्यांना. दाजी, तुम्हीही ऐका. कंपन्यांनी माल घ्यायचं बंद केल्यावर आजूबाजूच्यांनी वाईनची द्राक्षं उपटून टाकली. आबांनी एकट्यांनी ठेवली. आणि शेवटच्या वर्षी ते मिरजेला दवाखान्यात. इकडं तोडणीची टोळी बांधावर येऊन उभी. मी फोन केला, आबा, तोडू का? त्यांनी एकच शब्द सांगितला. थांब. मी थांबलो. उन्हात साखर अशी चढली की काय सांगू. दोन-चार दिवसांनी आबा गेले, पण जाताना ही वाईन करून गेले बघा.

श्रीनाथ: शेवटचो शब्द द्राक्षांचो? आणि ह्या तू माका कधी सांगलंस नाय गो.

सतीश: बाटलीच्या मागं इंग्रजीत छापलंय. मोरजीचा तो शेफ वाचून हळवा झाला.

वैशाली: जेवायला चला.

सतीश: चल. त्याआधी एक विचारतो. येत्या गुरुवारी तासगावला यायला जमेल?

वैशाली: गुरुवारी काय आहे?

सतीश: काही नाही, रजिस्टर ऑफिसात जरासं काम. हक्कसोडीवर तुझी सही पाहिजे. गाडी मी पाठवतो, दुसऱ्या दिवशी आणून सोडतो.

वैशाली: अच्छा. म्हणून ही चव दाखवायला आलास.

सतीश: तसं नको बोलू. नवीन टाक्यांसाठी बँक कर्ज देतेय. आबांच्या मागं सातबाऱ्यावर माझ्याबरोबर तुझंही नाव लागलंय. बँकेला त्याची अडचण होतेय.

वैशाली: मग कर्जाला सही देते मी. अडचण कसली? गुरुवारी नको, उद्याच येते. शेजारच्या सुविधानं दिलीच की तिच्या भावाच्या कर्जाला.

सतीश: ते नको.

वैशाली: का? मी वाटणी मागत नाही, विकायला सांगत नाही. आबांच्या बागेवर माझं नाव नुसतं असू दे. तुझ्या कर्जात मीपण अडकते, मग तर झालं?

सतीश: तसं नाही होत, आक्का.

वैशाली: बँकेला चालतं. तुला चालत नाही.

सतीश: आता स्पष्टच सांगतो. तुझ्या भावजयीला, क्षमाला नको आहे. ती म्हणती, आज आक्का आहे, उद्या आक्काची पोरं हिस्सा मागत दारात येतील.

वैशाली: माझी पोरं मामाच्या बागेत द्राक्षं खायला येतील असं वाटत होतं मला.

श्रीनाथ: ह्या बघ सतीश, आमच्या गोव्यात असला काय चलणा नाय. चेडवाक आणि चेड्याक सारखो वाटो, तो पोर्तुगीजांच्या काळापासून. बहिणीच्या सहीशिवाय हय कोण एक माड विकूक शकणा नाय.

सतीश: म्हणून तर तुमचे नदीकाठचे माड विकले गेले नाहीत, दाजी.

श्रीनाथ: त्याचा हय काय?

सतीश: तुमच्या बहिणीनं, पद्माताईंनी सही दिली नाही. मग तुम्ही काय केलंत? त्यानंतर कधी चवथीच्या गणपतीला त्यांना वाळपईला आवतण गेलं? तुमच्या आईच्या वर्षश्राद्धाला पद्माताई फाटकापर्यंत आल्या आणि तिथनंच परत गेल्या. हे मला आक्कानंच सांगितलंय. तुम्ही मला कायदा शिकवू नका.

श्रीनाथ: ता वेगळा होता.

सतीश: सगळ्यांचं आपापलं वेगळंच असतंय. आक्का, मी तुझ्याकडं वळतो. आबा असते तर त्यांनीच तुला सांगितलं असतं, पोरी सही कर. आणि तू केली असतीस. आबांचा शब्द आपण दोघांनी कधी मोडला नाही. थांब म्हणाले, थांबलो का नाही?

वैशाली: आबा थांब म्हणाले नव्हते.

सतीश: म्हणजे?

वैशाली: काहीच म्हणाले नव्हते. तुझा फोन आला त्याच्या आदल्या संध्याकाळीच त्यांची शुद्ध गेली होती. फोन मी उचलला, आणि थांब मी म्हटलं.

सतीश: तू म्हणालीस, आबा सांगताहेत...

वैशाली: हो, तसं म्हणाले. एकदा टोळी बागेत शिरली की तू तिथून हलणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. तोडणी थांबली तर तुला सवड होईल, तू मिरजेला येशील, त्यांच्या उशाशी बसशील, म्हणून म्हटलं. द्राक्षं गोड होतील की सडतील, ते डोक्यातसुद्धा नव्हतं माझ्या.

सतीश: आक्का...

वैशाली: आणि तू आला नाहीस. टोळीला सुट्टी दिलीस आणि नाशिकला टाक्या बघायला गेलास. आबा गेल्यावर त्यांना घरी आणलं, तेव्हा आलास.

सतीश: इतकं गंभीर आहे हे मला कुठं माहीत होतं? तू सांगायचंस की.

वैशाली: रोज सांगत होते.

श्रीनाथ: सांगत होती. दुसऱ्या दिवसापासून मी थयच होतंय, बाजूक.

सतीश: हे बघ, हे दुसऱ्या कुणाला बोलू नकोस. बाटलीवर छापलंय ते.

वैशाली: नाही बोलत. वाईन चांगली आहे तुझी, विकली जाईल.

सतीश: मग गुरुवारचं?

वैशाली: नाही.

सतीश: नीट विचार कर. इथं गोव्यात, चोपड्यात बसून तू त्या बागेचं करणार काय? नुसत्या नावापायी माहेर घालवशील. दिवाळी तोंडावर आलीय. भाऊबीजेला मी कुठल्या तोंडानं येऊ?

वैशाली: आज आलास त्याच तोंडानं ये.

सतीश: क्षमा नाही येऊ द्यायची.

वैशाली: मग नको येऊस.

सतीश: मी भाऊ म्हणून बोलतोय गं.

वैशाली: सही केली तर तू दरवर्षी येशील. मी ओवाळीन, तू साडी देशील, जेवशील. आणि दरवेळी मला वाटत राहील, हा माझ्यासाठी नाही, सहीसाठी आलाय. मला तसला भाऊ पाटावर बसवायचा नाही. लागू दे मनाला, चालेल.

सतीश: बरं. जेवण राहू दे. उजेड आहे तोवर आंबोलीचा घाट चढलेला बरा. दाजी, बाटली ठेवा तुम्हाला. ग्लास तेवढे नेतो, वाटेत आरंबोलला एका ठिकाणी दाखवायचंय.

श्रीनाथ: अरे, दोन घास तरी खाऊन जा.

सतीश: नको. येतो, आक्का.

वैशाली: सावकाश जा.

(सतीशची गाडी फाटकातून बाहेर पडते. आमटी झाकलेलीच आहे.)

श्रीनाथ: बरा केलंस. सही करू नको. हक्क तो हक्क.

वैशाली: आणि पद्माताईंचा?

श्रीनाथ: तिका तिचो नवरो शिकवता. नायतर ती तशी नव्हती.

वैशाली: आत्ता गाडीत सतीश क्षमाला फोनवर हेच सांगत असेल. तुमच्याबद्दल.

श्रीनाथ: तू माका त्याच्या रांगेत बसवतंस?

वैशाली: मी कुणाला बसवत नाही. तुम्ही आज माझ्या बाजूनं बोललात, मला बरं वाटलं. खरंच वाटलं. पण बोलत होतात तेव्हा मी पद्माताईंसारखी बहीणही होते आणि तुमची बायकोही. बसा, वाढते.

श्रीनाथ: माका भूक नाय आता.

वैशाली: मलाही नाही. उद्या सकाळी मला म्हापशापर्यंत सोडा. तिथून वाळपईची बस धरते.

श्रीनाथ: पद्माकडे? कित्याक? माझ्यासाठी रदबदली करूक जातंस तर नको.

वैशाली: तुमच्यासाठी नाही. भाऊबीजेला कुणी यायचं नसतं, तेव्हा तो दिवस कसा काढायचा, ते त्यांना विचारून येते.